पिंपळाचा श्वास आणि आमची चूक

गेल्या बुद्धपौर्णिमेला विहारातर्फे जे पत्रक वाटले गेले, त्याचा मजकूर आमच्या हातचा होता. त्यात आम्ही मोठ्या अभिमानाने लिहिले होते की, पिंपळ हा चोवीस तास ऑक्सिजन देणारा एकमेव वृक्ष असून ही गोष्ट तथागतांना अडीच हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होती, म्हणूनच त्यांनी ध्यानासाठी पिंपळाची सावली निवडली. वाक्य झोकात जमले होते. वस्तीतल्या लोकांनी ते वाचून माना डोलावल्या, दोघातिघांनी शाबासकी दिली, आणि आम्हालाही आपण काही विज्ञाननिष्ठ कार्य केल्यासारखे वाटले.

आठवडाभराने अभ्यासिकेत दहावीतली एक मुलगी पत्रक हातात घेऊन उभी राहिली. "काका, रात्री ऊन नसतं. मग पिंपळ ऑक्सिजन कशातून बनवतो?"

"अगं, पिंपळाचं वेगळं असतं," आम्ही म्हणालो.

"वेगळं म्हणजे कसं?"

आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि समितीच्या मीटिंगला उशीर होतोय असे सांगून निघालो. खरे तर मीटिंगला अजून पाऊण तास होता. त्या रात्री तिचेच विज्ञानाचे पुस्तक मागवून वाचले, दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका शिक्षकांना गाठले, आणि कळून चुकले की पोरीचे बरोबर आहे, आमचे चूक आहे. कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आम्ही दर वर्षावासात सांगतो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून खरे मानू नका. विहाराच्या पत्रकात छापले म्हणून खरे मानू नका, हेही त्यातच आले. तेव्हा समाजबांधवांनो, या सदरातून आम्ही ती चूक जाहीरपणे कबूल करतो. आणि आता विषय निघालाच आहे तर झाड जेवते कसे आणि श्वास कसा घेते, ते नीट सांगतो. कारण याच पिंपळावरून समितीत एक नवा वाद उभा राहिला आहे.

आधी जेवणाचे पाहू. आपल्यापैकी बहुतेकांना वाटते की झाड माती खाऊन वाढते. पूर्वी विद्वानांनाही असेच वाटे. सतराव्या शतकात बेल्जियमकडच्या व्हॅन हेल्मोंट नावाच्या माणसाने सुमारे 90 किलो कोरडी माती एका मोठ्या कुंडीत भरली आणि तीत सव्वादोन किलो वजनाचे वाळुंजाचे रोप लावले. पाच वर्षे फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाड भरले 76 किलोच्या आसपास, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तर ती साठ ग्रॅमसुद्धा कमी झाली नव्हती. मग एवढे लाकूड आले कुठून? त्याने निष्कर्ष काढला, पाण्यातून. तो अर्धाच बरोबर होता. उरलेला अर्धा हिशेब हवेत होता, आणि हवा तोलायची कोणाला सुचले नव्हते.

हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइड जेमतेम चार भाग. एवढ्याशा भांडवलावर जगातली सारी हिरवळ उभी आहे. पानाच्या पाठीवर डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. प्रत्येक छिद्राला दोन ओठ असतात. ते उघडले की हवा आत जाते आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. पाणी फार कमी पडले की झाड ते ओठ मिटून घेते. आत हरितद्रव्य असते. ते उन्हाच्या जोरावर मुळांकडून आलेले पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांची साखर करते. या कामात पाण्याची फोड होते आणि त्यातला ऑक्सिजन उरतो, तो बाहेर टाकला जातो. आपण ज्याला प्राणवायू म्हणतो, तो झाडाच्या स्वयंपाकघरातून बाहेर टाकलेला वायू आहे. साखरेचेच पुढे लाकूड, पान, फळ होते. आपण खातो ती भाकरी म्हणजे ज्वारीच्या पानांनी उन्हात रांधलेली हवा आणि पाणी, हे कळल्यावर आम्ही दोन दिवस भाकरीकडे वेगळ्याच नजरेने पाहत होतो.

आता श्वासाचे. झाडही श्वास घेते, म्हणजे ऑक्सिजन आत घेऊन साखर जाळते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. हे दिवसा चालते, रात्रीही चालते. आम्ही कारकून माणूस, आम्हाला हे जमाखर्चाच्या भाषेत चटकन कळले. श्वसनाचा खर्च चोवीस तास चालू असतो, पण जमा फक्त उन्हात होते. दिवसा जमा खर्चापेक्षा पुष्कळ जास्त, म्हणून शिल्लक ऑक्सिजन आपल्याला मिळतो. सूर्य मावळला की जमा बंद आणि खर्च चालू. 1779 साली इंगेनहाऊस नावाच्या डच डॉक्टरने पाण्यात बुडवलेल्या पानांवर हे दाखवून दिले. उन्हात पानांवर बुडबुडे येतात, अंधारात येत नाहीत. पिंपळ याला अपवाद नाही. निवडुंग, अननस अशा काही वनस्पती पाणी वाचवण्यासाठी रंध्रे रात्री उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात, पण ऑक्सिजन त्याही दिवसाच तयार करतात. उन्हाशिवाय ते काम होतच नाही.

मग काही शिकलेली मंडळी दुसऱ्या टोकाला जातात. रात्री झाडाखाली झोपू नये, झाड वायू सोडते आणि माणूस गुदमरतो, म्हणून तर पिंपळावर मुंजा असतो असे आपले पूर्वज म्हणत, असे ते सांगतात. हेही खोटेच. उघड्यावर झाडाने रात्री सोडलेला वायू वाऱ्यावर पसरून जातो. दहा बाय बाराच्या खोलीत दार-खिडकी लावून सहा माणसे झोपतात, तेव्हा हवा जितकी कोंदते त्याच्या पासंगालाही ते पुरणार नाही. आणि मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा. आपल्या पोरांची मुंज होतच नाही, तरी आपल्याच काही आयाबहिणी तिन्हीसांजेला पिंपळाखालून पोराला नेताना पदर घट्ट करतात. बावीस प्रतिज्ञा घेऊन इतकी वर्षे झाली. असो.

पिंपळाचा मान ऑक्सिजनवर अवलंबून नाही. संबोधीनंतर तथागतांनी सात दिवस त्या वृक्षाकडे कृतज्ञतेने एकटक पाहिले असे परंपरा सांगते. ज्याने सावली दिली त्याचे आभार मानणे, एवढेच त्यात आहे. त्याला खोट्या विज्ञानाची झालर लावायची काही गरज नव्हती, ती आम्ही लावली.

आता समितीतल्या वादाकडे येऊ. आपल्या विहाराच्या आवारातला पिंपळ तीसेक वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी आवारात सिमेंट घातले, ते थेट बुंध्याला टेकवले. यंदा एका देणगीदार बांधवांनी झाडाभोवती चकचकीत फरशीचा गोल पार बांधून द्यायचे ठरवले. फरशीवर नाव कोरायचे, बुंध्याला निळा ऑइलपेंट मारायचा, वर बारमाही दिव्यांच्या माळा गुंडाळायच्या. भावना चांगली आहे, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण या वर्षी फाल्गुनात पानगळ झाली, चैत्रात पालवी फुटली, आणि शेंड्याकडच्या तीन फांद्या तशाच वाळक्या राहिल्या. त्या अजून वाळक्याच आहेत.

मुळे श्वास घेतात, हे फार थोड्यांना माहीत असते. पानांत उन्हाने ऑक्सिजन तयार होतो, पण मुळे अंधारात, जमिनीखाली. त्यांना तो मातीतल्या हवेतूनच घ्यावा लागतो. चांगल्या भुसभुशीत मातीत जवळपास निम्मी जागा पोकळ असते, काही पाण्याने भरलेली, काही हवेने. तेथूनच मूळ ऑक्सिजन घेते, साखर जाळते आणि त्या शक्तीवर मातीतले क्षार आत ओढते. नत्र, स्फुरद, पालाश, लोह, मॅग्नेशियम हे सारे पाण्यात विरघळून मुळावाटे जाते. व्हॅन हेल्मोंटच्या कुंडीतली जी थोडीशी माती कमी झाली होती ती हीच. वजनाने नगण्य, पण तिच्यावाचून पान हिरवे होत नाही. हवा बंद झाली की मूळ उपाशी राहते, मग कुजते. शेतात पाणी तुंबले की तूर पिवळी का पडते, कुंडीत रोज तांब्याभर पाणी ओतल्यावर मोगरा का मरतो, याचे उत्तर हेच. पाणी जास्त झाले असे आपण म्हणतो, खरे तर हवा कमी पडलेली असते.

ज्यांना चिखलातच जन्म काढायचा आहे, त्यांनी आपापली सोय केलेली आहे. कमळाचा देठ आडवा कापून पाहा, आत नळ्या दिसतील. पानाकडची हवा त्या नळ्यांतून तळाच्या गड्ड्यापर्यंत पोचते. भातातही अशाच पोकळ्या असतात. ठाण्याच्या किंवा वसईच्या खाडीकाठी ओहोटीला उभे राहा. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी शेकडो मुळे वर आलेली दिसतील. ती श्वास घ्यायला वर येतात. पिंपळाकडे अशी सोय नाही. त्याला मोकळी माती लागते.

यावर समितीतले एक ज्येष्ठ बांधव म्हणाले, "अहो, पिंपळ तर भिंतीतून उगवतो. त्याला सिमेंटचं काय भय?" प्रश्न रास्त आहे, आम्हीही क्षणभर गप्प झालो. पण भिंतीतला पिंपळ भेगेतून उगवतो. भेगेत हवा असते, पावसाचे पाणी मुरते, आणि मूळ भेग रुंद करत मातीच्या शोधात खाली जाते. अखंड भिंत फोडून तो उगवत नाही. शिवाय भिंतीतला पिंपळ वर्षानुवर्षे हातभरच राहतो. आपल्या आवारातला पिंपळ दुमजली घराएवढा आहे, त्याची भूक तेवढी मोठी.

बुंधाही श्वास घेतो. सालीवर बारीक उंचवटे दिसतात, ती वल्करंध्रे. त्यावर ऑइलपेंट मारणे म्हणजे नाकावर कागद चिकटवणे. सालीच्या लगेच आत रसवाहिन्या असतात, पानांनी केलेली साखर त्यांतून मुळांपर्यंत जाते. दिव्यांची तार घट्ट गुंडाळून वर्षभर तशीच ठेवली की खोड जाड होते आणि तार सालीत रुतते. पानांचा डबा मुळांपर्यंत पोचत नाही. पंचशील ध्वजाच्या पताका लावताना आपण खुशाल खिळे ठोकतो, तेही थांबवावे.

हे आमच्या पदरचे नाही. 2013 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. बोधगयेच्या महाबोधी वृक्षाची प्रकृती तपासायला देहरादूनच्या वन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ येतात. जुना वृक्ष 1876 साली पडला, त्याच्या रोपापासून वाढलेला आजचा वृक्ष. त्याला जर डॉक्टर लागतो, तर आपल्या वस्तीतल्या पिंपळाला निदान मोकळी माती तरी मिळावी.

झाडाचे ऐकून घेतल्यावर आपल्या घराकडे वळू, कारण हिशेब एकच आहे. हरितद्रव्याचा रेणू आणि आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा रंग देणारा भाग, दोघांची घडण बरीच सारखी. एका कड्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम बसले की हिरवे, लोह बसले की लाल. गांडूळ ओल्या कातडीतून श्वास घेते, मासा कल्ल्यांतून, झुरळ अंगाच्या बाजूच्या छिद्रांतून. आपल्याला फुफ्फुसे आहेत. त्यातल्या कोट्यवधी वायुकोशांचा पडदा उलगडून पसरला तर सुमारे सत्तर चौरस मीटर भरेल, म्हणजे दहा बाय बाराच्या सहा खोल्या. ज्याला आयुष्यभर एका खोलीत राहावे लागले, त्याच्याही छातीत सहा खोल्या आहेत. पण हवा तेथपर्यंत आली तरी ती उचलून नेणारा हमाल हिमोग्लोबिन, आणि त्याला लोह लागते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या महिलांपैकी 54 टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. जिना चढताना धाप लागते, चक्कर येते, आणि आपण म्हणतो, वय झाले. ताई, वय नाही, लोह कमी आहे. सगळ्यांचे जेवून झाल्यावर उरलेले खाण्याची रीत मोडा. काळीज आणले तर आधी स्वतःच्या आणि मुलीच्या ताटात वाढा. पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात. आणि थंडीत शेगडी पेटवून दार लावून झोपू नका. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही.

वायूंचा विषय निघाला आणि गटाराचा राहिला, असे आपल्या वस्तीत होऊ शकत नाही. जेथे हवा पोचत नाही तेथे दुसऱ्या जातीचे जंतू काम करतात, ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही. तुंबलेल्या मातीत ते असतात, मॅनहोलमध्ये आणि सेप्टिक टाकीतही असतात. ते मैला कुजवतात आणि मिथेन, हायड्रोजन सल्फाइड असे वायू सोडतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वासाची जाणीवच मरते. माणसाला वाटते, वास गेला, आता उतरायला हरकत नाही. तेथेच घात होतो. हा वायू पेशीपेशीतली ऑक्सिजन वापरायची यंत्रणाच बंद पाडतो. काही श्वासांत माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बातमीत म्हणूनच दोन-तीन नावे एकदम येतात. आणि ती नावे कोणत्या वस्त्यांतली असतात, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको.

तोंडाला ओला रुमाल बांधून हा वायू अडत नाही. दिवा किंवा काडी पेटवून आत सोडून पाहणे तर जीवघेणे, मिथेनचा भडका उडतो. कोणी आत पडला तर मागोमाग उतरू नका. झाकणे उघडा, आरडाओरडा करा, अग्निशमन दलाला बोलवा, कमरेला दोर असेल तर वरून ओढा. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. मुकादमाने कितीही रोजंदारी देऊ केली तरी. असा मृत्यू झाला तर कुटुंबाला 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले आहे. 2014 च्या निकालात ही रक्कम 10 लाख होती. ठेकेदार पन्नास हजारांत प्रकरण मिटवू पाहतात, तेव्हा कोणत्याही कागदावर अंगठा किंवा सही देण्यापूर्वी विहारात या. आम्ही अर्ज लिहून देऊ, ते काम आम्हाला येते.

समितीची बैठक परवा झाली. दोन तास चालली, आवाजही चढले. शेवटी फरशीचा पार रद्द झाला. देणगीदार बांधव आधी नाराज झाले, पण त्यांच्या देणगीतून अभ्यासिकेला पंखे आणि खिडक्यांना जाळ्या बसवायचे ठरले, आणि नाव अभ्यासिकेच्या भिंतीवर लागेल. बुंध्यापासून निदान एक मीटरचे सिमेंट काढायचे, तेथे माती आणि पालापाचोळा टाकायचा. मेणबत्त्या-अगरबत्त्यांसाठी चार पावले दूर वेगळा चौथरा. बुंध्याला रंग नाही, खिळे नाहीत. माळा फक्त बुद्धपौर्णिमा, भीमजयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, आणि त्याही सैल बांधून नंतर काढायच्या. वाळक्या फांद्यांचे पुढे काय होते ते वर्षभर पाहू. वाचतीलच अशी खात्री शिक्षकांनी दिलेली नाही.

नवे पत्रक त्या दहावीतल्या मुलीने लिहिले आहे. आम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिले. त्यात एके ठिकाणी "मागील पत्रकातील माहिती चुकीची होती" असे आहे, ते तसेच छापायला दिले आहे.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता सिमेंट फोडायला सुरुवात. ज्यांच्याकडे छिन्नी, हातोडी, घमेली असतील त्यांनी घेऊन यावे. पहार आणू नये, मुळांना लागेल.

जयभीम.